शिक्क्याचा हात

तीर्थरूप दादांस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजवा मनगटात दुखतो आहे, त्यामुळे जोडताना तो जरा खाली राहिला असेल, आदर दोन्हीकडून सारखाच आहे असं धरून चालावं.) वहिनींनाही नमस्कार सांगावा. तुमचा गुडघा कसा आहे? मागे फोनवर जिना चढवत नाही म्हणाला होतात. इकडे आम्ही दोघं मजेत. तुमच्या बहिणीची तब्येत ठणठणीत, भूक उत्तम, राग त्याहून उत्तम. कान तसेच. कानाच्या डॉक्टरांनी आशा सोडली, तिनं तर त्यांच्या आधीच सोडली होती, मीच काय तो मागे राहिलो होतो. तेव्हा त्याबद्दल विचारू नये. विचारायचंच असेल तर माझ्या मिशीबद्दल विचारा, कारण ती आता नाही. (मिशीमुळे ओठ दिसत नाहीत आणि मी काय बोलतो ते कळत नाही, असं तुमच्या बहिणीचं म्हणणं पडलं. उतरवली. आता तिला माझं सगळं बोलणं कळतं, आणि त्यामुळे ती माझ्याकडे बघायचंच टाळते.)

पत्रास कारण की, मी संगीत शिकतो आहे. हे वाक्य तुम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचलंत तरी त्यात बदल होणार नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी ज्याला नुसते ओठ हलवायला सांगायचे तोच मी. तुम्ही जन्मभर मुख्याध्यापक होतात, अशी मुलं तुम्ही शेकड्यांनी पाहिली असतील. वाद्य म्हणाल तर गिटार, पण तुमच्या डोळ्यांपुढे आली ती नव्हे. हिला बेस गिटार म्हणतात. तारा चारच, पण सुतळीएवढ्या जाड, मान लांबलचक, वजन असं की पट्टा गळ्यात घातला की माणूस आपोआप नम्र होतो. ती विजेवर चालते, म्हणजे तिला एक वायर असते आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला भल्यामोठ्या स्पीकरची पेटी. आवाज इतका खोल, की तो कानाला लागायच्या आधी तळपायाला लागतो. हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा, पुढचा सगळा उद्योग त्याच्यापायी आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, ही इस्त्री करताना गुणगुणायची. माझे शर्ट अख्खी नोकरीभर त्या गुणगुणण्यातच कडक झाले. कान गेले तसं तेही गेलं. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, सूर लागला की नाही हे कळत नसताना गायचं म्हणजे आरशाशिवाय भांग पाडायचा. लोक हसणार ते आपल्याला दिसायचंही नाही. तेव्हापासून घरात इस्त्रीची वाफ तेवढी ऐकू येते, तीही मला एकट्याला. तुमचा आणि तिचा रविवारचा फोनही गेला. आता रविवारी फोन मी उचलतो, तुम्ही विचारता ठमी कशी आहे, मी म्हणतो बरी आहे, तुम्ही म्हणता बरं आहे, आणि मग आपण दोघं फोन ठेवायची वाट बघत उभे राहतो. ती समोर बसून माझ्या ओठांकडे बघत असते. (मिशी नसल्याचा हा दुसरा तोटा.) दादा, मला तिचं ते गुणगुणणं परत हवं होतं. दुसरं काही नको होतं.

आता हे गिटार प्रकरण घरात शिरलं कसं, ते सांगतो. माझ्या निरोप समारंभाला ऑफिसातल्या मंडळींनी वरच्या हॉलमध्ये वाद्यवृंद बोलावला होता. आधी भाषणं झाली. (तुमच्या बहिणीला एकही ऐकू आलं नाही. तिचं काहीही बुडालं नाही.) मग गाणी सुरू झाली. ही पहिल्या रांगेत लाकडी बाकावर, समारंभातून घरी कधी जायचं असा चेहरा करून. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर हिनं एकाएकी दोन्ही तळवे बाकावर टेकवले, मग माझी बाही पकडली आणि ते कोण वाजवतंय म्हणून विचारलं. आपला आवाज किती मोठा येतो हे तिला आता कळत नाही, त्यामुळे प्रश्न हॉलमधल्या प्रत्येकाला पडला. मी ढोलवाल्याकडे बोट केलं. नाही म्हणाली. हार्मोनियमवाला दाखवला, तोही नव्हे. शेवटी तिनंच बोट केलं ते पार मागे, पाण्याच्या पिंपाशेजारी. तिथे एक जाडजूड बाई गळ्यात लांब गिटार अडकवून, खिडकीपुढे आपला नंबर यायची वाट बघत असल्यासारखी उभी होती. तिचा उजवा हात जवळजवळ हलतच नव्हता. दोन बोटं तेवढी तारेवर जागच्या जागी फिरायला निघाली होती. मी हिला खुणेनं डोळे मिटायला लावले आणि म्हटलं, एकेका ठोक्याला बोट उचल. दादा, तिनं एकही चुकवला नाही. बाई थांबली की हिचं बोट थांबे, बाई निघाली की हे निघे. मध्ये सगळा हॉल, हिचे कान बंद, डोळेही बंद, आणि तरी दोघींचं आपसात चाललेलं. माझ्या अंगावर काटा आला. सत्काराची शाल मी त्यासाठीच लपेटून घेतली, लोकांना वाटलं मी भारावलो.

तर त्या बाईंकडे मी शिकवणी लावली. आम्ही त्यांना मास्तरीणबाई म्हणतो. गाद्यांच्या दुकानावर त्यांची खोली आहे. चारही भिंतींना दुकानातल्या नापास गाद्या उभ्या करून ठेवलेल्या, त्यामुळे खोलीत शिरलं की पहिल्यांदा झोप येते. बाई बोलतात कमी आणि लवंग चघळतात जास्त. पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि सगळ्यांत जाड तारेवर एक, फक्त एक, सूर वाजवला. बोट असं फिरलं की जणू पानावरची मुंगी बाजूला केली. आणि दादा, माझ्या बरगड्यांच्या आत कुणीतरी दिवा लावला. खिडकीतला चहाचा पेला आपण होऊन दोन बोटं सरकला. सूर संपला तरी माझ्या खुर्चीला काही वेळ ते पटत नव्हतं. एवढ्याशा हालचालीतून एवढं मोठं काही निघू शकतं हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. पोस्टात आमच्याकडे नेमकं उलट असे.

मग गिटार माझ्या गळ्यात आली. मी बाह्या सरसावल्या आणि तारेला असा काही हात घातला, की तार मानेवर आपटून खणखणली, पेटीतून भांडी कोसळल्यासारखा आवाज आला आणि बाईंनी लवंग गिळली. त्यांनी नोकरी कुठे होती विचारलं. पोस्टात, म्हटलं. कुठल्या टेबलावर? शिक्क्याच्या. त्यावर त्यांनी दुसरी लवंग काढली आणि मला पुढचे कित्येक दिवस गिटारीला वायर म्हणून लावू दिली नाही.

त्या हाताचं शास्त्र काय वर्णावं! आमच्या खात्यात नियमांची जाडजूड पुस्तकं होती, पण इतका विचार कुणी केलेला नव्हता. तारांखाली एक काळी पट्टी असते, तिच्यावर अंगठा टेकवायचा. ते त्याचं घर. घर असलं की बाकीची बोटं बिनधास्त हिंडतात. पहिलं बोट आणि मधलं बोट, यांनी आळीपाळीनं तार छेडायची. आळीपाळीनं म्हणजे आळीपाळीनंच. पहिलं बोट उत्साही असतं, ते मधल्याची पाळी खाऊन टाकतं, त्याला शिस्त लावायची. तार बाहेर ओढायची नाही. बोट तिच्यावरून सरळ आडवं जाऊ द्यायचं आणि पलीकडच्या जाड तारेला टेकून विसावू द्यायचं, जसं आपण कट्ट्याला टेकतो. मनगट दुमडायचं नाही. (माझं दुमडतं. म्हणून तो नमस्कार.) आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, जोर लावायचा नाही. मोठा आवाज काढणं हे पेटीचं काम, ते तिच्याकडून काढून घेऊ नका, असं बाई म्हणाल्या. मला हे कामाचं वाटप मनापासून पटलं, फक्त हाताला पटेना. शिवाय जाड तार कुणी सांगितलं नसताना मागे आपली गुणगुणत राहते, तिला अंगठा किंचित टेकवून गप्प करावं लागतं. इतकं सगळं एका हातात चाललेलं असतं आणि बघणाऱ्याला वाटतं बाई नंबराची वाट बघताहेत. मी नुसता बघत बसायचो. एकदा बाई म्हणाल्या, शिकवणी तुमची आहे, माझी नव्हे, वाजवा.

हाताला सवय लागावी म्हणून मी बोटं दिसेल तिथे चालवू लागलो. टेबलाच्या कडेवर, बसच्या दांड्यावर, तुमच्या बहिणीच्या दंडावर (ती म्हणाली, डास मारायचा असेल तर एकदाच मारा). एकदा बिल भरायच्या रांगेत पुढच्या गृहस्थांच्या पाठीवरच्या पिशवीवर मी अगदी हलक्या हातानं, नियमाप्रमाणे आळीपाळीनं सराव करत होतो. माझी प्रगती त्या दिवशी चांगली होती, कारण त्यांना बराच वेळ कळलं नाही. कळल्यावर त्यांनी पिशवीची चेन उघडून आतलं सगळं तपासलं, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि मला पुढे उभं केलं, स्वतः मागे राहिले.

यथावकाश गिटार आणि पेटी घरी आली. आता आमच्या खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे, हे मी विसरलो नव्हतो. मला फक्त आवाज आणि फरशी यांचं नातं ठाऊक नव्हतं. मी पहिला सूर लावला आणि खाली खुर्चीवर आ करून बसलेल्या एका बाईंच्या दाढेत तो पोहोचला. डॉक्टरांनी तेव्हा हातात आरसा सोडून काही धरलेलं नव्हतं. बाईंची समजूत अशी झाली की मशीन आपल्या नकळत आत गेलं आहे. त्या गळ्यातल्या टॉवेलासकट निघून गेल्या. डॉक्टर वर आले. माणूस सज्जन, पण हातात चिमटा घेऊन कुणीही सज्जन वाटत नाही. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली, हॉल, बाक, बोट, सगळं. त्यांनी आपला तळवा पेटीवर ठेवून मला वाजवायला सांगितलं, आणि जाताना म्हणाले, वाजवा, पण माणसासारखं वाजवा.

माणसासारखं! तोच तर घोळ होता. तुमची बहीण रोज दुपारी पेटीशेजारी खुर्ची ओढून, पेटीवर हात टाकून बसू लागली. मी बाईंनी दिलेला धडा वाजवायचो. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, कपाट कोण सरकवतंय? पुढे पुढे कपाट गेलं, पण मग म्हणाली, कुणीतरी लंगडत चाललंय. मला तर काही लंगडं ऐकू येत नव्हतं. (माझे कान शाबूत आहेत, त्यांचा एवढाच उपयोग.) मी वाजवायचो, ती मान हलवायची. मला धसका बसला. कारण लंगडतं ते काय तिला सूर म्हणून हाताला लागणार? ढकलाढकल लागणार, धक्के लागणार. हॉलमध्ये बाईंच्या हातून तिला जे मिळालं होतं ते माझ्या हातून मिळणारच नाही, आणि मी आपला तिला रोज दुपारी धक्के देत बसेन, असं वाटून मी गिटार कोपऱ्यात उभी केली होती, खोटं कशाला सांगू.

पण एका दुपारी तिनंच ती उचलून माझ्या हातात दिली, पुन्हा तळवा पेटीवर ठेवला, डोळे मिटले, आणि मी वाजवता वाजवता ती एकदम हसायला लागली. इतकी, की पदराला डोळे पुसले. म्हणाली, अहो, तुम्ही शिक्के मारताय. दादा, ती माझा डबा घेऊन पोस्टात यायची तेव्हा जेवणाची सुट्टी होईपर्यंत खिडकीबाहेरच्या बाकावर बसून राहायची. तो बाक माझ्या टेबलाच्या भिंतीला टेकलेला. शिक्क्याचे ठोके दोन असतात: एक शाईच्या पॅडवर, हलका, आणि एक पाकिटावर, दणदणीत. हलका, दणदणीत, हलका, दणदणीत. माझं पहिलं बोट पॅडवर पडत होतं आणि मधलं बोट पाकिटावर. अख्खी नोकरी माझ्या हातातून पेटीत उतरली होती आणि ती तिनं तळव्यानं ओळखली. मास्तरीणबाईंना जे इतके दिवस कळलं नव्हतं ते. मी बोटं चालूच ठेवली. बोललो असतो तरी तिचे डोळे मिटलेले होते.

बाईंना जाऊन हे सांगितलं तेव्हा त्यांचं लवंग चघळणं थांबलं. मग त्यांनी एवढंच सांगितलं, की पाकीट काढून टाका, दोन्ही बोटं पॅडवरच पडू देत. आता पॅडवर हात कसा पडतो हे मला कुणी शिकवायला नको. तिथे जोर केला तर शाई उडते आणि बाही खराब होते. तिथे नुसतं टेकवायचं, शाई लागेल इतपत. म्हणजे जो हात मी बाईंच्या खोलीत शोधत होतो तो माझ्याजवळ होताच, मी त्याच्यावर फक्त निम्मं काम सोपवलं होतं. तरीही मधलं बोट सरळ चालायला पुष्कळ दुपारी गेल्या. डॉक्टर अधूनमधून वर येऊन हात ठेवून जात.

आता मुख्य गोष्ट. परवा दुपारी मी धडा वाजवत होतो. ही त्या दिवशी पेटीजवळ नव्हती. खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर इस्त्री करत होती, अनवाणी. मी खाली मान घालून दोन बोटांकडे बघत होतो: पॅड, पॅड, पॅड, पॅड. आणि मला ऐकू आलं. आधी वाटलं जाड तार आपण होऊन गुणगुणते आहे, म्हणून अंगठा टेकवला. ते थांबलं नाही. ती गात होती, दादा. माझ्या शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत, पाठ माझ्याकडे करून, सूर इकडेतिकडे जात होता आणि माझ्या सुरावर परत येऊन टेकत होता, कट्ट्याला टेकावं तसा. मला वाटलं थांबावं आणि ऐकावं. पण थांबलो तर तीही थांबली असती. म्हणून मी वाजवत राहिलो, नाक पुसायलाही हात मोकळा नव्हता. माझ्या या हातानं आयुष्यात एवढं मोठं काही केलेलं नाही, आणि केलं ते किती थोडं! खाली डॉक्टरांनी मशीन बंद ठेवलं होतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

असो. पत्र फार लांबलं. गुडघ्याला शेक देत जा. वहिनींना पुन्हा नमस्कार, आणि तुम्हाला एकदा केलेला आहेच.

आपला,
मिशी नसलेला मेहुणा

ता. क. ती काय गुणगुणत होती ते सांगायचं राहिलं. मी विचारलं तर म्हणाली, लहानपणी तुम्ही दोघं नळाला पाणी यायची वाट बघत बसायचात, तेव्हा जुळवलेलं गाणं आहे. ती वरच्या पट्टीत म्हणायची आणि तुम्ही रिकाम्या बादलीत डोकं घालून खालच्या पट्टीत. (एवढ्या वर्षांत ही गोष्ट माझ्यापासून लपवून ठेवल्याबद्दल मी तुमच्या शाळेला कळवणार होतो.) माझ्या गिटारीनं तिला तुमच्या बादलीची आठवण झाली. पण पहिलं कडवं झालं की ती अडते. दुसरं आठवत नाही म्हणते, फक्त दादाला येतं म्हणते, आणि तिथेच इस्त्री ठेवून देते. मी काही मदत करू शकत नाही. तेव्हा खरं काम असं की, आपण यावं. लिहून पाठवू नये, चाल लिहिता येत नाही. फोनवर तर नकोच. बादली आमच्याकडे आहे, पत्र्याची, मोठी. तुमच्या डोक्याचं हल्लीचं माप वहिनींकडून मागवून घेतो.

ता. क. २. तिच्याशी बोलायचं कसं, हा विचार करून येणं टाळत असाल तर सांगतो, बोलावं लागत नाही. मी बोलतो तर ती बघत नाही, आणि आमचं उत्तम चाललं आहे. जिन्याचं म्हणाल तर डॉक्टर खाली आहेत, ते एका बाजूनं धरतील. मिशी मात्र काढून यावी.

ता. क. ३. पाकिटाला तिकीट लावायचं आहे आणि घरात एकही नाही (पोस्टातल्या माणसाच्या घरात!), ते आणायला खाली जाऊन येतो. तोवर पत्र टेबलावर उघडं ठेवतो, शाई वाळू दे.

दादा, हे खाली गेलेत म्हणून घाईत लिहिते. यांनी लिहिलंय तेवढं काही चांगलं वाजवत नाहीत. मधलं बोट अजून लंगडतं, मी सांगत नाही. दुसरं कडवं मला पाठ आहे, तिसरंही. आठवत नाही म्हणाले, कारण तसं म्हटल्याशिवाय यांनी तुला पत्र लिहिलं नसतं आणि तू आला नसतास. यांना कळू देऊ नकोस. मला ऐकू येणार नाही म्हणून घाबरू नको. तू फक्त बादलीत गा. मी बादलीला हात लावून बसेन.

तुझी ठमी